एक ते दहा, दोन-दोन अक्षरांत: पहिलीच्या वर्गातल्या नोंदी

भोर तालुक्यातली दोन शिक्षकी जिल्हा परिषद शाळा. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी गुरुजींकडे. २०२४-२५ साली पहिलीत १४ मुलं आहेत. दुसरीची ११ मुलं त्याच खोलीत, भिंतीकडे तोंड करून बसतात.

गेल्या वर्षीची मुलं शंभरपर्यंत गाण्यासारखं म्हणायची आणि सात चिंचोके मागितले की मूठभर द्यायची. क पासून ज्ञ पर्यंत सगळं पाठ. पण फळ्यावर 'कान' लिहिलं की "क कमळातला, न नळातला" एवढं म्हणून गप्प. अंकांचा तास वेगळा, अक्षरांचा वेगळा, आणि दोन्हीकडे नुसती घोकंपट्टी. मे महिन्यात हे मनातून जाईना. एका दुपारी वहीत एक ते दहा अक्षरी लिहिलं आणि त्यातली अक्षरं सुटी केली.

एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात, आठ, नऊ, दहा. जोडाक्षर एकही नाही, अनुस्वार नाही. व्यंजनं मोजली तर क, द, न, त, च, र, प, स, ह, ठ अशी बरोबर दहा. स्वर तीन: ए, आ, ऊ. खुणा तीन: काना, दीर्घ वेलांटी, काना-मात्रा. एवढ्या सोळा चिन्हांत मूल दहापर्यंतचे सगळे आकडे शब्दांत वाचू शकतं, आणि हे शब्द त्याच्या तोंडात आधीपासून असतात. मग वाचनाची सुरुवात यांच्यापासूनच का करू नये?

या त्याच नोंदी. कुणाला असं करून बघायचं असेल तर माझे गेले तसे त्यांचे दिवस वाया जाऊ नयेत म्हणून चुका सविस्तर लिहिल्या आहेत.

१८ जून

सुरुवातीची तपासणी. एकेकाला बाहेर ओट्यावर बोलावलं. समोर वाटीत १२ चिंचोके. "मला सात दे."

१४ पैकी ५ जणांनी मोजून सात दिले. चौघांनी वाटीच माझ्याकडे सरकवली. बाकीच्यांनी हाताला आले तेवढे दिले आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिले. याच मुलांपैकी ११ जण वीसपर्यंत न अडखळता म्हणतात. स्वतःचं नाव लिहिलेलं ओळखणारी तीन. अक्षरं ओळखून शब्द वाचणारं कुणीच नाही.

दोन दिवस मिळून अडीच तास गेले. तेवढा वेळ दुसरी पाटीवर उतरवून काढत बसली. पुढच्या वेळी दुसरीतल्या दोघींना चिंचोके भरून द्यायला सोबत घेईन.

२० जून

साहित्य. गुरुजी म्हणाले, "बाई, भोरात मण्यांचा संच मिळतो, आणू का?" मी नको म्हटलं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर मुलांसाठी काम उभं केलं, ते परिसरात मिळेल त्या वस्तूंवर. डी.एड.ला असताना हे वाचलं तेव्हापासून मनात पक्कं बसलंय. शिवाय विकतचा संच कपाटात कुलपात राहतो, हरवेल म्हणून. चिंचोका हरवला तर दुसरा मिळतो.

चिंचोके मुलांनीच आणले, चारशेच्या वर झाले. कार्डांसाठी जुन्या लग्नपत्रिका मागवल्या. लग्नसराई नुकतीच संपलेली, त्यामुळे दोन दिवसांत १६० जमल्या. कागद जाड आणि मागची बाजू कोरी. मात्र मुलं कार्ड उलटवून गणपतीच बघत बसतात. म्हणून दोन-दोन पत्रिका तोंडाला तोंड लावून चिकटवल्या. कार्डं निम्मी झाली, पण कोरं अंग दोन्हीकडे आलं.

एक चूक इथेच नोंदवते. फळ्याशेजारी लावायचे दहा मोठे तक्ते भोरला जाऊन लॅमिनेट करून आणले, २०० रुपये. खिडकीचा उजेड पडला की ते चकाकतात, अर्ध्या वर्गाला काहीच दिसत नाही. आठवडाभरात काढून ठेवले.

२४ जून

पहिलं कार्ड: एक. वर्गात नेहमी करते तसं केलं. शब्द मोठ्यानं म्हटला, अक्षराअक्षरावर बोट ठेवलं, ए, क, आणि टाळ्या वाजवल्या. मग विचारलं, "हे किती?"

पुढच्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, "दोन."

कार्डावर 'एक' लिहिलेलं. मी पुन्हा विचारलं. ती उठून आली, ए वर बोट ठेवलं, क वर ठेवलं. "बाई, ह्यात तर दोनच हायेत."

तिचं म्हणणं बरोबर होतं. मी अक्षरांवर बोट ठेवायला शिकवलं होतं आणि चिंचोक्यांवरही. तिच्या लेखी दोन्ही वेळा एकच काम चाललं होतं. तरी मला वाटलं, पुढच्या कार्डांनी आपोआप सुटेल. 'दोन' आलं, दोन अक्षरं, सगळे खूश. 'तीन' आलं, पुन्हा दोन अक्षरं. गोंधळ आणखी वाढला.

रात्री वहीत बघितलं. एक ते दहा, दहाही शब्द दोन-दोनच अक्षरांचे आहेत. मे महिन्यात व्यंजनं मोजून हरखले होते, अक्षरं मोजायची राहिली.

२८ जून

चार दिवस गेले यात. आता असं ठरवलं:

वाचताना बोट शब्दाखालून सरकवायचं, उचलायचं नाही. 'ए…क' म्हणत डावीकडून उजवीकडे एकाच ओढीत. मोजताना बोट लावायचंच नाही. चिंचोका उचलायचा आणि वाटीत टाकायचा. दोन कामांना दोन वेगळे हात झाले. मोजायच्या वेळी कार्ड पालथं, वाचायच्या वेळी चिंचोके झाकलेले. आणि आकड्यांच्या शब्दांत "किती अक्षरं" हा प्रश्न वर्षभर विचारायचा नाही. टाळ्यांचा खेळ मुलांच्या नावांवर खेळू.

दोन्ही विषय एकत्र आणायचे म्हणजे एकाच मिनिटात, एकाच बोटानं आणायचे, असं मी धरून चालले होते. तिथेच चुकलं.

१ जुलै

वाटी पोषण आहाराच्या मावशींकडून आणली. स्टीलचीच हवी, प्लास्टिकची नको. कारण सांगते.

एक, दोन, तीन, चार, पाच, सात, आठ हे शब्द बोलताना एका दमात, एका ठोक्यात येतात. सहा, नऊ, दहा यांना दोन ठोके आहेत. मुलं ओळीतल्या चिंचोक्यांना बोट लावत 'स-हा' म्हणताना दोन चिंचोके ओलांडतात. नऊ-दहाला तेच. दहा चिंचोके मोजून नऊवरच संपणारी मुलं का चुकतात हे मला इतकी वर्षं कळलं नव्हतं, मी "नीट मोज" म्हणून रागवायची. काही घरांत सहाला 'सा' आणि दहाला 'धा' म्हणतात. ती मुलं इथे कमी चुकली, हे खास बघून ठेवलं.

स्टीलच्या वाटीत चिंचोका पडला की टण्ण वाजतं. एक आवाज, एक शब्द. दुसरा आवाज आल्याशिवाय पुढचा शब्द नाही. तीन दिवसांत सहाच्या पुढची घसरण थांबली. या सगळ्या खटाटोपात सगळ्यात सोपी आणि सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट हीच.

२ जुलै

'चार' वाचताना एक मुलगा म्हणाला, "चा… दोन."

कार्ड हातात घेऊन पाहिलं. मी घाईत शिरोरेघ न देता लिहिलं होतं. रेघेशिवायचा र आणि २ यांत सहा वर्षांच्या मुलानं फरक कसा करायचा? तक्त्यावर २ आणि कार्डावर र, दोन्ही मीच शिकवत होते, एकाच आठवड्यात.

सगळी कार्डं पुन्हा केली. दोन संध्याकाळी आणि एक रविवार. या वेळी आधी लाल मार्करनं शिरोरेघ ओढली, मग खाली काळ्यानं अक्षरं. मुलांना सांगितलं: डोक्यावर रेघ असेल तर वाचायचं अक्षर, रेघ नसेल तर मोजायचा आकडा. हे त्यांनी लगेच उचललं, आता पाटीवर पहिल्यांदा रेघ ओढतात आणि मग शब्द टांगतात. ३ आणि ६, १ आणि ९ उलटसुलट लिहिणं मात्र यानं थांबलेलं नाही. त्याला वेळच द्यावा लागतो, दरवर्षीचा अनुभव आहे.

५ जुलै

च चा पेच. 'चार' नीट वाचलं. 'पाच' आलं तेव्हा त्याच च नं वाचलं, 'चहा'तल्या च सारखं. वर्ग हसला, ती पोर रडवेली झाली.

आपण दोन च बोलतो. चार, चहा यांतला एक. पाच, चोर, चाक, काच यांतला दुसरा, जिभेचं टोक दाताकडे जातं तो. लिहितो मात्र एकच. मोठ्यांना हे कधी जाणवत नाही, आणि माझ्या क्रमात तर हे दोन शब्द लागोपाठच येतात. मुलांना स्पष्ट सांगितलं की या अक्षराचे दोन आवाज आहेत, चहातला आणि चोरातला. एकानं वाचून शब्द ओळखीचा वाटला नाही तर दुसऱ्यानं वाचून बघायचं. "आधी चहाचा लाव, नाही लागला तर चोराचा." आता एकमेकांना हेच सांगतात.

त्या मुलीला दुसऱ्या दिवशी आधी बोलावून 'काच' वाचायला दिलं. तिनं आधी एक च लावला, मान हलवली, दुसरा लावला. न सांगता.

८ ते २० जुलै

भातलावणी. हजेरी १४ वरून ६ वर, एके दिवशी ४ वर. आईवडील वावरात गेले की धाकट्यांना घरी कोण बघणार, मुलं बांधावर असतात. याबद्दल तक्रार नाही, पण योजना आखतानाच हे दोन आठवडे वजा धरायला हवे होते. १७ ला आषाढी एकादशीची सुट्टी.

आलेल्या सहांना नवीन काही शिकवलं नाही, असलेलंच घोळवलं. नवीन पुढे नेलं असतं तर उरलेली आठ कायमची मागे पडली असती.

एका आजोबांनी नातवाला घरी पाटीवर शब्द लिहून दिले, त्यात 'पांच'. नातू येऊन म्हणाला, "बाई, तुमचं चुकलं, आजानं टिंब दिलंय." १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी हे न उच्चारलं जाणारं टिंब गेलं. आजोबा त्याच्या आधी शाळा शिकलेले. मुलाला सांगितलं की आजोबांच्या शाळेत तसंच लिहायचे, आता टिंबाशिवाय लिहितात, दोन्ही पाचच. त्याला ते पटलं. आजोबा लावणीच्या दिवसांत नातवाला पाटी लिहून देतात याचा मला फार आनंद झाला.

२२ जुलै

बहुतेक मुलं परतली. दहाही शब्द सुटे वाचणारी ७. आता आकडा आणि वस्तू असे दोन शब्द. त्याच सोळा चिन्हांतून वस्तूंची नावं काढली: हात, कान, दात, नाक, दार, पान, चाक, साप, हार.

"दोन हात." वाचलं, दोन्ही हात वर. "दोन कान." कान धरले. दोन दिवस सुरेख गेले.

२४ जुलै

"तीन दार." कुणी वाचेना. म्हणजे अक्षरं येत होती, पण तोंड पुढे जात नव्हतं. शेवटी एकजण म्हणाला, "तीन दारं." मी म्हटलं, इथे काय लिहिलंय? तो म्हणाला, "चुकीचं लिव्हलंय."

चूक माझीच होती. हात, कान, दात, साप, हार हे शब्द एक असो की दहा, तसेच राहतात. दार, पान, नाक, चाक बदलतात. शब्द काढताना मी फक्त अक्षरं बघितली, अनेकवचन बघितलंच नाही. मुलाच्या कानाला ते लगेच खटकलं.

२५ ला पावसामुळे सुट्टी. घरी बसून यादी नव्यानं केली. आपल्या सोळा चिन्हांतले आणि अनेकवचनात न बदलणारे शब्द: हात, कान, दात, साप, हार, चोर, कप, तास, कोन, काका. दहाच सापडले, पण सुरुवातीला पुरतात.

२९ जुलै

दार-दारं सोडून द्यावं असं आधी वाटलं होतं. मग लक्षात आलं की मोजणं आणि वाचणं खरोखर एकमेकांत गुंततं ते इथेच. किती आहेत हे बघितल्याशिवाय शब्दाचा शेवट वाचता येत नाही. असं दुसरं ठिकाण मला शोधूनही सापडलं नसतं.

कपाळाला लावायच्या टिकल्यांची पाच पाकिटं आणली, ५० रुपये. कार्डावर 'दार', 'पान', 'चाक', 'नाक'. शेजारी वाटी. वाटीत एक चिंचोका असेल तर शब्द तसाच वाचायचा. जास्त असतील तर शेवटच्या अक्षराच्या डोक्यावर टिकली चिकटवायची आणि वाचायचं: दारं, पानं, चाकं. पहिल्या दिवशी निम्म्या टिकल्या कपाळांवर गेल्या. दुसऱ्या दिवसापासून मुली घरून टिकल्या आणू लागल्या.

गुरुजींना हे रुचलं नाही. "पुस्तकात 'दारे' असतं, 'पाने' असतं. बाई, तुम्ही बोलीतलं शिकवताय, पुढं खोडायला त्रास होईल."

त्यांचा मुद्दा खोटा नाही. मी म्हटलं, "गुरुजी, मूल 'दारे' बोलतच नाही. जे बोलत नाही ते वाचून त्याला अर्थ कसा लागेल? दोन महिने टिकलीवर राहू द्या, मग मात्रा देते." संभाषण लिहिताना 'दारं' लिहिणं नियमातही बसतं. त्यावर ते गप्प राहिले, पटले असं नाही. मी टिकलीवर ठाम आहे.

५ ऑगस्ट

आजचा दिवस मनात राहील. सोळा चिन्हांतून शब्द जुळवताना एक अख्खं वाक्य हाती लागलं: चार कप चहा.

च, र, क, प, ह. सगळं आपल्याच अक्षरांतलं! वर्गाच्या कोपऱ्यात टपरी मांडली. कागदी कप १००, ८० रुपये. एक मूल टपरीवाला 'काका'. बाकीच्यांनी पेटीतून चिठ्ठी उचलायची, वाचून दाखवायची: "काका, तीन कप चहा." काकानं मोजून तीन कप द्यायचे. चिठ्ठी वाचता आली नाही तर चहा नाही, मोजता आलं नाही तर गिऱ्हाईक परत पाठवतं. मला मध्ये बोलावंच लागलं नाही.

दुसरीची मुलं भिंतीकडचं तोंड वळवून बघत होती. शेवटी त्यांनाही रांगेत घेतलं.

८ ऑगस्ट

तीन दिवसांत दोन पळवाटा दिसल्या.

पहिली: चिठ्ठीच्या कोपऱ्यात मी ३, ४ असे आकडेही लिहिले होते, मदत म्हणून. मुलं फक्त आकडा बघत आणि बाकीचं तोंडपाठ म्हणत. आकडे कापून टाकले. आता आकडा फक्त 'काका'च्या पाटीवर, हिशेबाला.

दुसरी: सगळ्या चिठ्ठ्यांत 'कप चहा'च होतं, मग वाचायची गरजच काय? म्हणून ताक आणि रस आणले. दोन कप ताक, पाच कप रस, सहा कप चहा. चहाला तांबडा खडू लावलेले कप, ताकाला पांढरे, रसाला हिरवे. आता शेवटचा शब्द वाचल्याशिवाय सुटका नाही. पहिल्या दिवशी नऊ जण अडले. म्हणजे आधीचे तीन दिवस ती वाचत नव्हती, आणि मी आनंदात होते.

१३ ऑगस्ट

चिंचोक्यांना भुंगा लागला. डबा उघडला तर पीठ आणि किडे. पावसाळ्यात हे होणारच होतं, भाजून ठेवायला हवे होते. मावशींनी कढईत भाजून दिले, साठेक फुटले, उरलेले चांगले निघाले. डब्यात कडुलिंबाचा पाला टाकलाय.

१६ ऑगस्ट

ही नोंद अंगणवाडीच्या ताईंनी नक्की वाचावी. एका मुलीसोबत तिचा साडेतीन वर्षांचा भाऊ वर्गात येऊन बसतो. त्यानं चिंचोका नाकात घातला. प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं, डॉक्टरांनी तो सुखरूप काढला. तिथे पोहोचेपर्यंत माझे हातपाय थंड पडले होते. आईला मीच फोन करून सांगितलं.

लहान मूल खोलीत असेल तर चिंचोके, मणी, हरभरे काढू नयेत, मग तपासणी असो की खेळ. त्या दिवसापासून बाटल्यांची मोठी झाकणं वापरतो, मुलांनीच ७० जमवली. वाटीत तीही वाजतात. हे पहिल्या दिवशीच सुचायला हवं होतं.

२९ ऑगस्ट

अकरा ते वीस याच पद्धतीनं न्यायचा प्रयत्न केला आणि आठ दिवसांत सोडला. अकरा, बारा, तेरा, चौदा, पंधरा, सोळा. ब, ळ, ध, चौ, अनुस्वार, प्रत्येक शब्दाला नवी चिन्हं. एक ते दहात जो नेटकेपणा होता तो इथे नाहीच. एकोणीस तर मुलाला 'एक'पासून सुरू होणारा शब्द वाटतो, त्यात वीसला एक कमी आहे हे कुठून दिसणार?

वीसच्या पुढे मोजायला आणि वाचायला एकत्र बसवणं मला घातकच वाटलं. बोलताना 'एकवीस', एक आधी. लिहिताना २१, दोन आधी. दोघांनी ऐकलं तसं १२ लिहिलं, त्यांचा दोष नाही. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'सोबत 'वीस एक' असं वाचन आलं तेव्हा केवढी टीका झाली होती. मीही नावं ठेवणाऱ्यांतच होते. आता मत बदललंय. दहा-दहा झाकणांच्या माळा केल्या आहेत. दोन माळा आणि एक झाकण धरून मुलं आधी "वीस एक" म्हणतात, मग "म्हणजे एकवीस". लिहिताना चूक होत नाही. अक्षरी वाचन मात्र दहापाशीच थांबवलं.

१९ सप्टेंबर

पोळा, गणपती, गौरी. सुट्ट्यांनंतर तीन दिवस उजळणीत गेले. विसरली ती अक्षरं नाहीत, वाटीचा नियम. पुन्हा बोट लावून मोजायला लागली होती.

टिकलीकडून मात्रेकडे सुरुवात केली. दारं आणि दारे शेजारी लिहून सांगितलं: आपण बोलतो हे, पुस्तक बोलतं ते. ए तर 'एक'पासून ओळखीचा आहे, त्यामुळे मात्रा सोपी गेली. खोडावं काही लागलं नाही. गुरुजी दारात उभं राहून ऐकत होते, म्हणाले, "जमतंय की." मला बरं वाटलं.

३० सप्टेंबर

पुन्हा तपासणी. १८ जूनसारखीच, ओट्यावर एकेकटं, फक्त चिंचोक्यांऐवजी झाकणं. आणि कधी न पाहिलेली चिठ्ठी.

मोजून सात देणारी: १२. न पाहिलेली चिठ्ठी पूर्ण वाचणारी: ९. सुटी अक्षरं ओळखणारी पण शब्द न जुळणारी: ३. अजून अक्षरांपाशी अडलेली: २.

या दोघींपैकी एक लावणीपासून महिनाभर आलीच नव्हती. दुसरीबद्दल लिहायलाच हवं. ही मुलगी मोजण्यात वर्गात सगळ्यात पुढे, चाळीसपर्यंत झाकणं न चुकता मोजते. टपरीच्या खेळात ती कायम बरोबर यायची. आज एकटीला चिठ्ठी दिली तेव्हा कळलं, ती वाचत नव्हतीच. पुढच्या मुलाला किती कप मिळाले, पेटीत कोणत्या चिठ्ठ्या उरल्या, यावरून ती ताडत होती. तिच्या हुशारीनं तिचं न वाचणं झाकलं, आणि मी आठ आठवडे फसले. एकत्र खेळ चालू असताना दर पंधरा दिवसांनी प्रत्येक मुलाचं वाचन वेगळं, झाकणांशिवाय, ऐकायलाच हवं. मी ते केलं नाही. आता तिच्यापुरते दोन्ही तास वेगळे केले आहेत. वाचनाला ती माझ्याशेजारी बसते, समोर मोजायला काहीच नसतं.

१ ऑक्टोबर

खर्च: मार्कर ९०, टिकल्या ५०, कागदी कप ८०, चिकटपट्टी ४०, वाया गेलेलं लॅमिनेशन २००. एकूण ४६० रुपये. कार्डं दोनदा करण्यात आणि चिंचोके निवडण्यात गेलेले घरचे तास मोजलेले नाहीत, पंधराच्या खाली नसतील.

पुढच्या वर्षीच्या पहिलीसाठी १४ संच लाल शिरोरेघेसकट लिहून कोरड्या डब्यात ठेवले. झाकणं ७० आहेत, आणखी शंभर लागतील. दुसरीच्या मुलांना सांगितलंय, दिवाळीच्या सुट्टीत जमवून आणतील.

आज सकाळी त्या मुलीनं 'काका, ताक' एवढं वाचलं. दोन शब्द, माझ्याकडे न बघता.